शस्त्रक्रियेत सरकणाऱ्या मेंदूचे संगणकीय प्रतिमान: पायरीपायरीने मार्गदर्शन

मेंदूतील गाठ काढताना शल्यविशारद ज्या न्यूरोनेव्हिगेशन यंत्रणेच्या पडद्यावर नजर ठेवून असतात, ती यंत्रणा एक गोष्ट गृहीत धरून चालते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या एमआरआयमध्ये मेंदू जिथे आणि ज्या आकारात दिसला, तिथेच आणि त्याच आकारात तो टेबलावरही आहे, असे ती मानते. डोके तीन टोकदार पिनांच्या क्लॅम्पमध्ये घट्ट धरलेले असल्याने कवटी उघडेपर्यंत हे गृहीतक टिकते. त्यानंतर ड्युरा, म्हणजे मेंदूवरचे जाड आवरण, उघडली जाते, मस्तिष्कमेरुद्रव, म्हणजे रोजच्या बोलण्यातला सीएसएफ, वाहून जातो, सूज उतरवण्यासाठी दिलेल्या मॅनिटॉलमुळे ऊतीतले पाणी कमी होते, गाठ सुटी होऊ लागते आणि मेंदू जागचा हलतो. अमेरिकेतील डार्टमथच्या चमूने १९९८ मध्ये २८ शस्त्रक्रियांमधील मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा उघड्या पृष्ठभागाचे सरासरी विस्थापन सुमारे १ सेंटिमीटर भरले आणि त्याची दिशा बहुतांशी गुरुत्वाकर्षणाची होती. गाठीची कड आणि हात हलवणारा किंवा बोलणे सांभाळणारा भाग यांच्यातले अंतर अनेकदा याहून कमी असते.

शस्त्रक्रिया चालू असतानाच पुन्हा एमआरआय काढणे हा यावरचा थेट उपाय आहे. बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयात १९९० च्या दशकात ०.५ टेस्लाच्या खुल्या यंत्राने तो करूनही दाखवला, पण अशा शस्त्रक्रियागृहाचा खर्च फार थोड्या संस्थांना झेपतो. अल्ट्रासाउंड त्या मानाने आवाक्यातला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रात नेव्हिगेशनशी जोडलेल्या त्रिमितीय अल्ट्रासाउंडचा वापर होत आला आहे आणि त्यावरील अनुभव तेथील शल्यविशारदांनी प्रसिद्धही केले आहेत. तरीही अल्ट्रासाउंडमध्ये ट्रॅक्टोग्राफीतले, म्हणजे एमआरआयवरून रेखाटलेले, मज्जातंतू किंवा फंक्शनल एमआरआयमधले, कार्यरत भाग दाखवणारे ठिपके दिसत नाहीत. ती माहिती शस्त्रक्रियेपूर्वीच्या प्रतिमांतच असते आणि ती नव्या जागी नेऊन ठेवावी लागते. संगणकीय प्रतिमानाचे काम नेमके हेच आहे: शस्त्रक्रियागृहात थोडे मोजायचे आणि उरलेल्या मेंदूचे विस्थापन यांत्रिकीच्या नियमांनी काढायचे.

हा लेख फायनाइट एलिमेंट पद्धतीची तोंडओळख असलेल्या अभियंत्यासाठी किंवा संशोधक विद्यार्थ्यासाठी आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या विषयात नव्याने येणारे बहुतेक जण मेंदूच्या ऊतीचे स्थिरांक शोधण्यात महिने घालवतात, तर पृष्ठभागाचे विस्थापन मोजणे, कवटीशी होणारा संपर्क मांडणे आणि उत्तराची पडताळणी करणे ही कामे शेवटच्या आठवड्यात उरकतात. वेळेची वाटणी नेमकी उलटी हवी. असे का, ते पुढे ओघाने येईल.

मेंदू का बसतो, याचा हिशेब

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर एक आकडेमोड करावी. मेंदूच्या ऊतीची घनता साधारण १०४० किलोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि सीएसएफची सुमारे १००७. द्रवात बुडालेल्या मेंदूला जाणवणारे वजन या दोन्हींच्या फरकातून येते, म्हणून सुमारे १४०० ग्रॅमचा मेंदू कवटीच्या आत जेमतेम ५० ग्रॅमचा असल्यासारखा वागतो. आता १० सेंटिमीटर उंचीचा ऊतीचा स्तंभ घ्या. द्रवात असताना त्याच्या तळाशी वजनामुळे येणारा दाब सुमारे ३२ पास्कल आहे, आणि द्रव पूर्ण निघून गेल्यास तोच सुमारे १०२० पास्कल होतो. मेंदूच्या ऊतीचा यंग गुणांक आपण पुढे ३००० पास्कलच्या आसपास धरणार आहोत. म्हणजे भार गुणांकाच्या एका टक्क्यावरून एक तृतीयांशावर गेला. प्रत्यक्षात सगळा द्रव कधीच जात नाही, फाल्क्स (दोन गोलार्धांमधला ताठ पडदा) आणि टेंटोरियम (मोठ्या व लहान मेंदूमधला पडदा) मेंदूला धरून असतात आणि खालच्या बाजूने कवटी टेकू देते, म्हणून मेंदू इतका चेपला जात नाही. तरीही ताटात काढलेली खरवसाची वडी स्वतःच्याच वजनाने किंचित बसावी, तसा तो बसतो.

या हिशेबातून दोन निष्कर्ष निघतात. विकृती लहान नाही, म्हणून लहान विकृतींचे रेषीय सूत्र इथे चालणार नाही. आणि किती द्रव गेला हे शस्त्रक्रियागृहात कोणीच मोजत नाही, म्हणून केवळ गुरुत्वाकर्षणाचा भार देऊन उत्तर काढायचे ठरवले, तर सर्वांत महत्त्वाची संख्याच आपल्या हाती नसते.

पहिली पायरी: माहिती

स्वतःच्या रुग्णालयातील प्रतिमा वापरायच्या असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, रुग्णाची संमती आणि प्रतिमांमधून नाव तसेच चेहरा काढून टाकणे या गोष्टी आधी पूर्ण कराव्यात. शिकण्यासाठी मात्र खुले संच पुरेसे आहेत. नॉर्वेतील त्रॉन्डहाइम येथे तयार झालेल्या ‘रिसेक्ट’ संचात कमी श्रेणीच्या ग्लायोमाचे (मेंदूच्या आधारपेशींच्या गाठीचे) २३ रुग्ण आहेत. त्यांचे शस्त्रक्रियेपूर्वीचे एमआरआय, गाठ काढण्यापूर्वी, काढताना आणि काढल्यानंतरचे अल्ट्रासाउंड, तसेच तज्ज्ञांनी खुणावलेले समान बिंदू त्यात मिळतात. मॉन्ट्रियलचा ‘बाइट’ संच लहान आहे. ब्रिगम अँड विमेन्सचा ‘रीमाइंड’ संच ११४ रुग्णांचा असून त्यात शस्त्रक्रियेदरम्यानचे एमआरआयही आहेत. पहिले प्रतिमान मी ‘रीमाइंड’मधील एका रुग्णावर करण्याचा सल्ला देईन, कारण एमआरआयमध्ये संपूर्ण मेंदू दिसतो आणि आपले उत्तर कुठे चुकले ते डोळ्यांनी पाहता येते. अल्ट्रासाउंडमध्ये फक्त गाठीभोवतीचा पाचर दिसतो.

सॉफ्टवेअरमध्ये प्रतिमांसाठी थ्रीडी स्लायसर, मेशसाठी (लहान घटकांच्या जाळीसाठी) जीमेश किंवा आयसोटूमेश आणि सोडवणुकीसाठी फेबिओ, एवढ्यावर पूर्ण काम विनामूल्य होते. पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील कॅरोल मिलर यांच्या चमूने या विषयात दोन दशकांहून अधिक काम केले असून ‘स्लायसरसीबीएम’ हा स्लायसरला जोडायचा खुला संचही त्यांनी दिला आहे. अबॅकसचा परवाना संस्थेत असल्यास तोही चालेल.

एक सूचना आताच देऊन ठेवतो, कारण तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास पुढचे सगळे वाया जाते. डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाणित मांडणीचे अक्ष रुग्णाच्या डाव्या, पाठीमागच्या आणि वरच्या दिशेने धन असतात, तर स्लायसर आतून उजवी, पुढची आणि वरची दिशा धन धरतो. मेश एका पद्धतीत आणि विस्थापने दुसऱ्या पद्धतीत गेली, तर पहिल्या दोन निर्देशांकांची चिन्हे उलटतात. मेंदू जवळपास सममित असल्याने चित्र पाहून हे चटकन लक्षात येत नाही आणि उजवीकडची गाठ डावीकडे जाऊन बसते. प्रत्येक फाइल बदलल्यानंतर गाठीचा मध्यबिंदू छापून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरी पायरी: आकार वेगळे करणे

मेंदूची ऊती, गाठ, पार्श्व व्हेंट्रिकल (मेंदूतील द्रवाने भरलेली पोकळी) आणि कवटीची आतील भिंत असे चार आकार पुरेसे आहेत. निरोगी मेंदूसाठी बनवलेली स्वयंचलित साधने गाठीजवळ हमखास फसतात: सुजेला ती राखाडी द्रव्य समजतात किंवा दबलेले व्हेंट्रिकल सोडून देतात. म्हणून स्वयंचलित उत्तर घेऊन गाठीभोवतीच्या दोन-तीन सेंटिमीटरात हाताने दुरुस्ती करावी. कॉर्टेक्सची प्रत्येक वळी मेशमध्ये यावी असा आग्रह धरू नये. वळ्यांच्या खाचा गुळगुळीत करून घेतल्या तरी खोलवरच्या विस्थापनात नगण्य फरक पडतो, तर घटकांचा दर्जा खूप सुधारतो.

फाल्क्स घ्यायचा की नाही, हा खरा निर्णय आहे. त्याची ताठरता साधारण ३० मेगापास्कल, म्हणजे मेंदूच्या दहा हजार पट आहे. गाठ मध्यरेषेपासून दूर असेल आणि रुग्ण उताणा असेल तर फाल्क्स वगळून काम भागते. रुग्ण कुशीवर असेल तर वरचा गोलार्ध खाली येताना फाल्क्सवरच टेकतो, आणि तो नसल्यास प्रतिमान त्या गोलार्धाला मध्यरेषा ओलांडू देते.

तिसरी पायरी: मेश

मेंदूची ऊती जवळजवळ असंपीड्य आहे, म्हणून पॉयसन गुणोत्तर ०.४९ च्या आसपास धरतात. या आकड्याला आकारमानी आणि कर्तन ताठरतेचे गुणोत्तर सुमारे ५० येते. अशा पदार्थासाठी चार नोडचे साधे चतुष्फलक घटक वापरले, तर ते आकारमान राखण्याच्या नादात वाकतच नाहीत. यालाच लॉकिंग म्हणतात. उत्तर दिसायला गुळगुळीत असते, फक्त विस्थापन खऱ्यापेक्षा कमी येते, त्यामुळे चूक पकडणे अवघड जाते. यावर तीन मार्ग आहेत: आठ नोडचे षट्फलक घटक एका समाकलन बिंदूसह आणि अवरग्लास नियंत्रणासह वापरावेत, दहा नोडचे चतुष्फलक घ्यावेत, किंवा नोडवर दाबाची सरासरी घेणारे सुधारित चतुष्फलक वापरावेत. पर्थच्या चमूने षट्फलक आणि सुधारित चतुष्फलक यांचे मिश्रण वापरले, कारण गाठ आणि व्हेंट्रिकल यांच्याभोवती निव्वळ षट्फलक बसवायला माणसाचे दिवसच्या दिवस जातात. पॉयसन गुणोत्तर ०.४५ वर आणून लॉकिंग टाळण्याचा मोह होतो. तसे केले तर गुणोत्तर १० च्या खाली येते आणि ऊती खऱ्यापेक्षा जास्त दबू लागते, हे जाणूनच करावे.

घटकांचा आकार सर्वत्र सारखा नको. क्रेनिओटॉमीखाली (कवटीत उघडलेल्या भागाखाली) आणि गाठीभोवती २ ते ३ मिलिमीटर, तर मेंदूच्या बुंध्याकडे ५ मिलिमीटर चालतो. काही दहा हजार घटकांत काम होते. लाखोंच्या मागे लागण्याचे कारण नाही.

चौथी पायरी: ऊतीचे गुणधर्म

मिलर आणि चिंझेई यांनी डुकराच्या मेंदूवर दाबाचे आणि पुढे ताणाचे प्रयोग केले. त्यांतून ऑग्डेन प्रकारचे अतिलवचीक-श्यान सूत्र पुढे आले आणि त्यातील कर्तन गुणांक ८४२ पास्कल व घातांक उणे ४.७ हे आकडे आजही वापरात आहेत. ऋण घातांकाचा अर्थ असा की ही ऊती ताणापेक्षा दाबाला जास्त ताठ असते. असंपीड्य पदार्थाचा यंग गुणांक कर्तन गुणांकाच्या तिप्पट असतो, त्या हिशेबाने तो अडीच हजार पास्कलच्या आसपास येतो. आकडे भरताना एक काळजी घ्यावी: ऑग्डेनचे सूत्र प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या गुणकासह लिहिते, त्यामुळे एकाचा स्थिरांक दुसऱ्यात तसाच टाकला तर ताठरता दुप्पट किंवा निम्मी होऊ शकते. एका घटकाचा घन ताणून मिळालेला उतार तपासावा आणि मगच पुढे जावे.

एमआर इलॅस्टोग्राफीतून, म्हणजे कंपने देऊन एमआरआयने ताठरता मोजण्याच्या पद्धतीतून, मिळणारे गुणांक इथे सरळ उचलू नयेत. ते दर सेकंदाला कित्येक दहा कंपनांच्या वेगावर मोजलेले असतात, तर शस्त्रक्रियेत मेंदू काही मिनिटांत सावकाश बसतो.

एवढे सांगून झाल्यावर आता मूळ मुद्दा. पर्थच्या चमूने २००९ मध्ये अतिलवचीक सूत्रापासून साध्या रेषीय सूत्रापर्यंत निरनिराळी पदार्थसूत्रे तपासली. भार पृष्ठभागाच्या विस्थापनाच्या रूपात दिला आणि मोठ्या विकृतींची भूमिती नीट सांभाळली, तर मेंदूच्या विस्थापनात सूत्रागणिक अर्थपूर्ण फरक पडत नाही, असे त्यात दिसले. यामागचे कारण सरळ आहे. एका भागावर विस्थापन ठरवून दिले आहे आणि बाकीचा पृष्ठभाग मोकळा आहे किंवा कडक भिंतीला टेकलेला आहे, असे समजा. सगळ्या मेंदूची ताठरता दुप्पट केली तर आतली बलेही दुप्पट होतात, समतोल तोच राहतो आणि विस्थापने जागची हलत नाहीत. म्हणून गुणांकाचा निरपेक्ष आकडा बिनमहत्त्वाचा ठरतो आणि महत्त्व उरते ते दोन ऊतींमधील गुणोत्तराला व पॉयसन गुणोत्तराला. मेंदूसाठी ३००० पास्कलचा निओ-हुकियन पदार्थ, गाठ त्याच्या दुप्पट ताठ, आणि व्हेंट्रिकलच्या जागी १० पास्कलचा, ०.१ पॉयसन गुणोत्तराचा अतिमऊ दबणारा भराव, एवढी योजना पुरते. व्हेंट्रिकलमधला द्रव बाहेर जाऊ शकतो, म्हणून तो भराव दबणारा ठेवला आहे. त्याला असंपीड्य केले तर व्हेंट्रिकल फुग्यासारखे अडून बसते.

भार बलाच्या किंवा गुरुत्वाकर्षणाच्या रूपात दिला, तर मात्र वरचा युक्तिवाद कोसळतो आणि गुणांकाचा प्रत्येक पास्कल उत्तरात उतरतो. डार्टमथ आणि व्हँडरबिल्ट येथील चमूंनी तो मार्ग घेतला आहे. ते ऊतीला द्रवाने भरलेला सच्छिद्र पदार्थ मानतात, जसे बिओ यांनी १९४१ मध्ये मातीच्या दबण्यासाठी मांडले होते. द्रवाची पातळी आणि डोक्याचा कोन नेमका ठाऊक नसल्याने ते शस्त्रक्रियेपूर्वीच अनेक शक्यतांची उत्तरे काढून ठेवतात आणि शस्त्रक्रियागृहात मोजलेल्या थोड्या बिंदूंशी जुळेल असे त्यांचे मिश्रण निवडतात. मॅनिटॉलचा परिणाम अभ्यासायचा असेल तर हाच मार्ग योग्य आहे. पहिल्या प्रकल्पासाठी मी तो सुचवणार नाही.

पाचवी पायरी: कवटीशी संपर्क

मेंदूचा पृष्ठभाग कवटीला चिकटवून टाकणे ही सर्वाधिक आढळणारी आणि सर्वाधिक नुकसान करणारी सोय आहे. तसे केले की क्रेनिओटॉमीच्या विरुद्ध बाजूची ऊती हलूच शकत नाही आणि सगळी विकृती भोकाखालच्या थरात कोंबली जाते. प्रत्यक्षात मेंदू आणि कवटी यांच्यात द्रवाचा पातळ थर असतो, मेंदू भिंतीलगत घसरतो आणि वरच्या बाजूने भिंतीपासून सुटतोही. म्हणून कवटी कडक आणि अचल धरावी, संपर्क घर्षणविरहित ठेवावा आणि सुटण्यास मुभा द्यावी. आत घुसण्यास तेवढी मनाई असते. मेंदूच्या बुंध्याचा खालचा छेद मात्र जागेवर धरावा लागतो, नाहीतर संपूर्ण मेंदू कवटीत तरंगू लागतो.

सुरुवातीला मेंदू आणि कवटी यांचे पृष्ठभाग एकमेकांत घुसलेले नाहीत ना, हे तपासावे. गुळगुळीत करताना दोन्ही पृष्ठभाग वेगवेगळे सरकतात. अर्धा मिलिमीटर घुसखोरी असली तरी पहिल्याच टप्प्यात खोटी बले उद्भवतात आणि कोणताही भार न देता मेंदू हलतो.

सहावी पायरी: पृष्ठभागाचे विस्थापन

संपूर्ण प्रतिमान याच मोजमापावर उभे असते, त्यामुळे इथे घाई नको. उघड्या कॉर्टेक्सचे स्थान शस्त्रक्रियागृहात चार मार्गांनी मिळते: स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाच्या दोन प्रतिमांतून, लेसर स्कॅनरने, नेव्हिगेशनच्या पॉइंटरने टिपलेल्या बिंदूंतून, किंवा शस्त्रक्रियेदरम्यानच्या एमआरआय वा अल्ट्रासाउंडमधून. मात्र नवा पृष्ठभाग मिळाला म्हणजे विस्थापन मिळाले असे नाही. जुन्या पृष्ठभागावरचा कोणता बिंदू नव्यावर कुठे गेला, हे ठरवावे लागते. सर्वांत जवळच्या बिंदूशी जोडी लावणे सोपे आहे, पण त्यातून फक्त खाली-वर होणारे सरकणे कळते. मेंदू कडेकडे घसरला असेल तर ते त्यात दिसतच नाही.

म्हणून कॉर्टेक्सवरील रक्तवाहिन्यांचा आधार घ्यावा. गॅडोलिनियम दिलेल्या टी१ प्रतिमेत त्या उजळ दिसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनाही दिसतात. त्यांचे फाटे हे उत्तम खुणेचे बिंदू आहेत. उघड्या भागात विखुरलेले दहा-पंधरा फाटे दोन्ही प्रतिमांत ओळखावेत, त्यांतील तीन-चार बाजूला राखून ठेवावेत, कारण ते पडताळणीला लागतील, आणि उरलेल्यांमधून थिन-प्लेट स्प्लाइनने उघड्या भागातील प्रत्येक नोडचे विस्थापन काढावे. एखादा बिंदू चुकून दुसऱ्याच फाट्याशी जोडला गेला असेल, तर त्याच्या शेजारच्या नोडची विस्थापने अचानक दिशा बदलतात. बाणांचे चित्र काढून ते पाहावे. क्रेनिओटॉमीच्या कडेजवळच्या नोडना विस्थापन देऊ नये. तिथे मेंदू हाडाच्या कडेखाली गेलेला असतो, मोजमाप अविश्वसनीय असते आणि ते संपर्काच्या अटीशी भांडते.

हे विस्थापन एकदम न देता काळानुसार सावकाश वाढवावे. शून्य ते एक या काळासाठी पाचव्या घातापर्यंतची एक बहुपदी वापरात आहे: काळाचा घन गुणिले, १० वजा काळाची १५ पट अधिक काळाच्या वर्गाची ६ पट. सुरुवातीला आणि शेवटी तिचा वेग तसेच त्वरण शून्य असल्याने प्रतिमानात अनावश्यक लाटा उठत नाहीत.

सातवी पायरी: सोडवणूक

दोन मार्ग आहेत. फेबिओसारख्या सॉफ्टवेअरची अव्यक्त पद्धत प्रत्येक टप्प्यात समीकरणांचा मोठा संच सोडवते. ती शिकण्यासाठी सोयीची आहे, पण मोठा संपर्क आणि असंपीड्य ऊती एकत्र आल्यावर कधीकधी अभिसरण अडते. अशा वेळी टप्पा लहान करावा आणि संपर्काचा दंडगुणांक हळूहळू वाढवावा. दुसरी व्यक्त पद्धत प्रत्येक नोड स्वतंत्रपणे पुढे सरकवते, पण तिचा काळाचा टप्पा ध्वनिलहरीला सर्वांत लहान घटक ओलांडायला लागणाऱ्या वेळेपेक्षा मोठा असून चालत नाही. पोलादात ही लहर सेकंदाला ५ किलोमीटर धावते. मेंदूसाठी ३००० पास्कल, ०.४९ आणि १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर हे आकडे घातले तर वेग सेकंदाला अवघा ७ मीटर येतो आणि २ मिलिमीटरच्या घटकासाठी टप्पा सुमारे ०.२८ मिलिसेकंद मिळतो. मऊपणाचा असा फायदा होतो.

पर्थच्या चमूने टोटल लॅग्रांजियन मांडणी, व्यक्त पद्धत आणि गतिज शिथिलीकरण यांची सांगड घालून हे गणित ग्राफिक्स कार्डावर चालवले आणि सहा रुग्णांच्या प्रतिमानांची उत्तरे प्रत्येकी ४ सेकंदांच्या आत काढली. २०१० च्या सुमाराचे ते कार्ड आज जुनेपुराणे झाले आहे. थोडक्यात, गणनेचा वेळ ही आता अडचण राहिलेली नाही. शस्त्रक्रियागृहात खरा वेळ पृष्ठभाग मोजण्यात आणि जोड्या लावण्यात जातो.

एककांची एक धोक्याची जागा आहे. प्रतिमा मिलिमीटरमध्ये असतात. लांबी मिलिमीटर आणि बल न्यूटन ठेवले, तर ताण मेगापास्कलमध्ये आणि वस्तुमान टनांत येते. म्हणजे ३००० पास्कलचे ०.००३ होतात आणि घनतेचा १००० हा आकडा १ भागिले १०० कोटी एवढा होतो. विस्थापनाच्या भारात गुणांक चुकला तरी उत्तर बरोबर दिसते, हे आपण पाहिलेच आहे, त्यामुळे ही चूक कित्येक आठवडे दडून राहते आणि गुरुत्वाकर्षण जोडल्या दिवशी प्रतिमान फुटते.

आठवी पायरी: प्रतिमा नव्या आकारात नेणे

नोडची विस्थापने मिळाली की शस्त्रक्रियेपूर्वीची प्रतिमा त्यांनुसार वाकवायची असते. इथे दिशेचा गोंधळ नेहमी होतो. नव्या प्रतिमेतील प्रत्येक व्हॉक्सेलसाठी विचारायचा प्रश्न ‘हा कुठून आला’ असा असतो, तर प्रतिमान ‘हा कुठे गेला’ हे सांगते. म्हणून विस्थापनाची चिन्हे उलटून ती नोडच्या नव्या, सरकलेल्या स्थानी नोंदवावीत आणि तिथून जाळीवर आंतर्वेशन करावे. जुन्या स्थानी नोंदवून नुसते चिन्ह बदलले, तर १ सेंटिमीटरच्या सरकण्यात लक्षणीय चूक शिरते. राखाडी छटांसाठी रेषीय आंतर्वेशन वापरावे. गाठीचा मुखवटा किंवा तंतूंच्या खुणा यांच्यासाठी सर्वांत जवळचे मूल्य घ्यावे, नाहीतर खुणांच्या कडा विरतात.

नववी पायरी: पडताळणी

आधी प्रतिमानाची स्वतःशीच परीक्षा घ्यावी. शून्य विस्थापन दिले तर काहीही हलू नये. कवटीचा संपर्क काढून संपूर्ण पृष्ठभागाला एकसारखे फिरवले तर आत ताण येऊ नये. लहान विकृतींचे रेषीय सूत्र इथेच नापास होते. मेश निम्म्या आकाराची केली तर गाठीच्या मध्याचे विस्थापन मिलिमीटरच्या काही दशांशांपलीकडे बदलू नये. प्रत्येक घटकाच्या आकारमानाचे नवे-जुने गुणोत्तर एकच्या जवळ असावे. ते कुठे ऋण झाले असेल, तर घटक आतून बाहेर उलटला आहे.

मग रुग्णाच्या प्रतिमेशी तुलना करावी. राखून ठेवलेल्या बिंदूंवरील चूक, तसेच खोलवरच्या बिंदूंवरील, उदाहरणार्थ व्हेंट्रिकलच्या टोकावरील किंवा गाठीच्या खालच्या कडेवरील चूक, ही खरी कसोटी आहे. भार देण्यासाठी वापरलेल्या बिंदूंवरची चूक मोजून ‘अचूकता’ म्हणून छापणे ही स्वतःचीच फसवणूक आहे, कारण ते बिंदू आपण हाताने जागेवर नेऊन ठेवलेले असतात. दोन प्रतिमांतील कडा शोधून त्यांच्यातील हाउसडॉर्फ अंतर (एका कडेवरील बिंदूंचे दुसरीपासूनचे सर्वाधिक अंतर) काढायचे असेल, तर कमाल मूल्याऐवजी ९५ वा शतमक घ्यावा. एखादी चुकून सापडलेली कड कमाल मूल्याला कुठेही नेऊ शकते.

प्रत्येक आकड्याशेजारी काहीही न करता, केवळ कडक रजिस्ट्रेशनने (प्रतिमा न वाकवता केलेल्या जुळणीने) येणारी चूक लिहावी. ‘रिसेक्ट’ संचात ती सरासरी ५ मिलिमीटरच्या आसपास आहे, पण रुग्णागणिक फार बदलते. ज्या रुग्णात मेंदू २ मिलिमीटरच सरकला, तिथे १.८ मिलिमीटरची चूक हे यश नव्हे. उलट बाजूही पाहावी: ०.५ टेस्लाच्या त्या जुन्या प्रतिमांतील व्हॉक्सेल ०.८६ गुणिले ०.८६ गुणिले २.५ मिलिमीटरचा होता. तुलनेची प्रतिमाच एवढी जाड असताना त्याहून बारीक अचूकतेचा दावा करण्यात अर्थ नाही. बिंदू दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडून खुणावून घ्यावेत, त्यांच्यातील फरक हीच आपल्या मोजमापाची तळरेषा असते.

हे सगळे संशोधनापुरते आहे. प्रतिमानाचे उत्तर शल्यविशारदाला रुग्णावर निर्णय घेण्यासाठी दाखवायचे ठरले, तर भारतात असे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ च्या कक्षेत येते.

गाठ काढू लागल्यानंतर

आतापर्यंतची पद्धत ड्युरा उघडल्यानंतरच्या, पण गाठ काढण्यापूर्वीच्या स्थितीसाठी आहे. गाठ निघू लागली की मेशमधील त्या जागेचे घटक काढून टाकावे लागतात आणि पोकळीच्या भिंती आत झुकतात. आपण शस्त्रक्रियेपूर्वीच्या मेंदूला ताणरहित मानले होते, पण गाठीने तो आधीच दाबून धरलेला असतो, आणि तो दाब सुटल्यावर ऊती कुठे जाईल हे त्या गृहीतकात लिहिलेलेच नसते. घटक काढणे, जाळी न बदलता चीर मांडणारी विस्तारित फायनाइट एलिमेंट पद्धत, किंवा नोडना घटकांनी न बांधणाऱ्या मेशविरहित पद्धती असे तीन मार्ग आहेत. माझ्या मते मेशविरहित पद्धती या टप्प्याला अधिक शोभतात, कारण पोकळीची कड घटकांच्या पायऱ्यांवर अडत नाही. मात्र मार्ग कोणताही घेतला तरी पोकळीच्या भिंतीचे विस्थापन मोजून भार म्हणून द्यावे लागते. केवळ उघड्या कॉर्टेक्सवरचे मोजमाप आता पुरत नाही.

हे मोजमाप बहुधा अल्ट्रासाउंडमधूनच येईल, आणि त्यात एक बारकावा आहे जो नोंदवहीत सहसा येत नाही. हवेतून अल्ट्रासाउंड जात नाही, म्हणून प्रतिमा घेण्यापूर्वी पोकळी सलाइनने भरतात. सलाइन भरले की भिंतींना पुन्हा द्रवाचा आधार मिळतो, मेंदू काहीसा वर उचलला जातो, आणि प्रतिमा घेऊन झाल्यावर सलाइन शोषून घेतले की तो परत खाली बसतो. म्हणजे मोजलेली स्थिती आणि शल्यविशारद ज्या स्थितीत काम करतात ती स्थिती वेगळी असते. प्रत्येक प्रतिमेसोबत सलाइन होते की नव्हते, डोक्याचा कोन किती होता आणि मॅनिटॉल कधी दिले, या तीन गोष्टी शस्त्रक्रियागृहातच लिहून घ्याव्यात, कारण नंतर प्रतिमेकडे पाहून त्या ओळखता येत नाहीत.